डीजे, ढोल आणि डेसिबल: आवाज मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

गणपती जवळ आले की नाशकात एक ठरलेला वाद सुरू होतो. शांतता समितीच्या बैठकीत पोलीस आवाजाची मर्यादा वाचून दाखवतात. मंडळांचे कार्यकर्ते 'वर्षातून एकदाच तर असतं' म्हणतात. जुन्या नाशकातली म्हातारी माणसं खिडक्या थरथरतात, झोप लागत नाही म्हणून कावलेली असतात. आणि कुणीतरी हमखास विचारतं, 'डीजे नको, तर मग ढोल कसा चालतो? तो काय हळू वाजतो?' विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चौकाचौकांतले आकडे येतात. मेनरोडला इतके डेसिबल, रविवार कारंज्याला तितके. नव्वद काय आणि शंभर काय, फरक दहाचाच, असं म्हणून आपण पान उलटतो.

माझं म्हणणं असं की या वादात दोन्ही बाजू खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. कान बिघडवणारा आवाज एक आणि घर हलवणारा आवाज दुसरा. पोलिसांच्या हातातलं यंत्र पहिला बऱ्यापैकी मोजतं आणि दुसऱ्याकडे जवळजवळ काणाडोळा करतं. तसं ते का करतं, हे समजायला आवाज म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल.

हवा जागच्या जागी, धक्का पुढे

पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या गर्दीत जो कधी सापडला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. मागून कुणीतरी रेटा देतो. रेटा देणारा मागेच राहतो, पण क्षणभरात तो रेटा पार पुढच्या ओळीपर्यंत पोचतो. मधला प्रत्येक माणूस थोडा पुढे झुकतो, पुढच्याला ढकलतो आणि परत आपल्या जागी येतो. जिथे रेटा पोचलेला असतो तिथे माणसं दाटतात, त्याच्या मागे जरा मोकळी होतात.

आवाज असाच जातो. ढोलाच्या पानावर टोल पडला की पान बाहेर येतं आणि समोरची हवा दाबतं. पान आत गेलं की तिथली हवा विरळ होते. दाट, विरळ, दाट, विरळ अशी ही रांग पुढे सरकते. ढोलाजवळची हवा आपल्या कानापर्यंत येत नाही, येतो तो दाबातला चढउतार. विसाएक अंश तापमानाला त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणजे तीन सेकंदांत एक किलोमीटर. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की ती किती किलोमीटरवर कडाडली ते कळतं, ते यामुळेच.

पाण्यात हा वेग चौपटीहून जास्त आणि पोलादात तर सेकंदाला पाच हजार मीटरच्या घरात. पोलाद जड आहे म्हणून असं होतं, असा एक समज शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. खरं कारण त्याचा ताठपणा. नुसतं जडपण उलट वेग कमी करतं.

रेटा देणाराच रेट्यापेक्षा वेगाने धावू लागला तर काय होईल? सगळे रेटे एकावर एक साचतील आणि एकदम आदळतील. स्वनातीत विमानाचा धडाका म्हणजे हेच. ओझरला एचएएलचा विमान कारखाना असल्यामुळे निफाड-दिंडोरीकडे मोठा आवाज झाला की 'भूकंप की सुखोई' ही चर्चा रंगते.

किती वेळा आणि किती जोरात

कुठल्याही आवाजाबद्दल दोन गोष्टी विचाराव्या लागतात. दाबाचा चढउतार सेकंदाला किती वेळा होतो, ही त्याची वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. आणि तो चढउतार किती मोठा आहे, हा त्याचा जोर. ढोल ताणला की पान झपाट्याने मागेपुढे होतं, वारंवारता वाढते, आवाज चढा होतो. तोच ढोल जोरात बडवला तर वारंवारता जवळपास तीच राहते, जोर वाढतो. माणसाचा तरुण, धडधाकट कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो.

एखादी वस्तू एका वेळी एकाच वारंवारतेने कंप पावते असं मात्र फार क्वचित होतं. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ मध्ये बांधलेलं. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांकडून आलेली भली थोरली घंटा तिथे आहे. अशा घंटेवर ठोका पडला की एकदम कितीतरी स्वर उठतात. वरचे, तीक्ष्ण स्वर चटकन विरतात आणि खालचा घुमारा बराच वेळ रेंगाळतो. साध्या चामड्याच्या पानातूनही असे अनेक स्वर निघतात, पण ते एकमेकांशी सुरात बसत नाहीत. म्हणून ढोलाचा 'सा' लावता येत नाही. तबल्या-मृदंगावरची शाई हे भांडण मिटवते आणि ते स्वर सुरात आणते. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिलं होतं. विषयाला सोडून आहे खरं, पण ज्या कुणी पहिल्यांदा पानाच्या मध्यावर काळा ठिपका लावून पाहिला त्याच्या कानाला दाद द्यावीशी वाटते.

आपल्या वादासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची. दोन दाट पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. ३,००० हर्ट्झच्या शिटीसारख्या आवाजाची तरंगलांबी ११ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. डीजेच्या ५० हर्ट्झच्या बेसची, म्हणजे त्या जाड, खालच्या आवाजाची, तरंगलांबी सुमारे ७ मीटर, एखाद्या जुन्या बोळाच्या रुंदीपेक्षाही जास्त. आवाज कुठे अडेल आणि कुठे वळसा घालून शिरेल, हे या लांबीवर ठरतं.

दहा डेसिबल म्हणजे दहा नव्हेत

कानाची झेप अफाट आहे. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात हवेचा दाब फक्त २० मायक्रोपास्कलने वरखाली होतो. वातावरणाच्या दाबाचा हा सुमारे पाच अब्जावा भाग. कान दुखू लागेल अशा, १२० डेसिबलच्या आवाजात हाच आकडा २० पास्कल होतो. दाबात दहा लाख पट फरक आणि ऊर्जेत एक लाख कोटी पट. एवढे आकडे रोज कोण वापरणार? म्हणून डेसिबलची मोजपट्टी अशी केली की ऊर्जा दहा पट झाली की मोजपट्टीवर दहा वाढायचे.

याचा हिशेब ढोलावरच करू. समजा आपण उभे आहोत तिथे एका ढोलाचा आवाज ९० डेसिबल येतो. तसाच दुसरा ढोल आला तर १८० होत नाहीत, ९३ होतात. दहा ढोल झाले तर १००. शंभर ढोलांचं पथक आलं तर ११०. (सगळे ढोल आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असं धरून.) आणि कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे पेपरातल्या ९० आणि १०० मध्ये ऊर्जेचा फरक दहा पट असतो आणि कानाला तो दुपटीसारखा वाटतो. नुकसान मात्र ऊर्जेच्या हिशेबाने होतं, वाटण्याच्या हिशेबाने नाही.

हाच हिशेब उलटाही लागू पडतो. 'ठीक आहे, निम्मे बॉक्स काढा' अशी तडजोड झाली तर कमी होतात फक्त तीन डेसिबल, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. अंतराचा उपयोग जास्त. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सुमारे सहा डेसिबल उतरतात. पण ही झाली मोकळ्या जागेची, गोल्फ क्लब मैदानासारख्या ठिकाणची गोष्ट. भद्रकालीच्या, दहीपुलाच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात आणि अंतर वाढूनही तो तितका उतरत नाही. तोच डीजे, तेच बॉक्स, पण गल्लीत शिरल्यावर वेगळाच राक्षस होतो.

यंत्रातलं छोटंसं 'ए'

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं.

हे आकडे नुसत्या डेसिबलमध्ये नाहीत, 'डेसिबल-ए'मध्ये आहेत. या 'ए'ची कथा जरा निवांत ऐकण्यासारखी आहे.

कान सगळ्या वारंवारता सारख्या ऐकत नाही. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो फार हळवा असतो, तर खालच्या जाड आवाजांना बराच बधिर. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. मग मोजणाऱ्या यंत्रानेही कानासारखं ऐकावं म्हणून त्यात एक गाळणी बसवण्यात आली. ती जाड आवाजांना वजाबाकी लावते. १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला तब्बल ३० वजा. हीच ती 'ए'. म्हणजे डीजेच्या सबवूफरमधून, बेस वाजवणाऱ्या मोठ्या बॉक्समधून, ५० हर्ट्झचा ११० डेसिबलचा दणका निघाला, तर 'ए'वर लावलेलं यंत्र त्याचे ८० दाखवतं.

आता गोम अशी की ही गाळणी हळू आवाजांसाठी बेतलेली आहे, घरातल्या शांत बोलण्याच्या आसपासच्या. आवाज प्रचंड मोठा झाला की कानाचा जाड आवाजांबद्दलचा बधिरपणा पुष्कळ कमी होतो आणि बेस चांगला जाणवू लागतो. यंत्र मात्र तेवढीच वजाबाकी करत राहतं. त्यामुळे पोलीस म्हणतात आकडा एवढाच आहे आणि तिसऱ्या गल्लीतली आजी म्हणते माझं घर हलतंय. दोघंही खोटं बोलत नसतात.

चांगल्या यंत्रात 'सी' नावाची दुसरी गाळणीही असते. ती ५० हर्ट्झला जेमतेम एक-दीड डेसिबल वजा करते. एकाच जागी 'ए' आणि 'सी' दोन्ही आकडे घ्यायचे. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा वीसेक डेसिबलने जास्त आला तर त्या आवाजात बेसचाच भरणा आहे असं समजायचं. कायदा 'ए' मागतो, पण तक्रार समजून घ्यायची असेल तर दोन्ही आकडे लागतात. माझ्या मते मिरवणुकीच्या मोजणीत 'सी'चा आकडाही छापला जायला हवा. मोबाइलवरच्या ॲपचा भरवसा मात्र बेताचाच. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो, खालचे आवाज तो धड पकडत नाही आणि मोठ्या आवाजाला त्याचा आकडा एका ठिकाणी अडकून बसतो.

खिडक्या का थरथरतात?

१२० डेसिबलला दाब २० पास्कलने वरखाली होतो हे वर आलंच. मीटरभर लांब, मीटरभर रुंद काचेवर हा जोर साधारण दोन किलो वजनाइतका भरतो. दोन किलो काही फार नाहीत. पण ते सेकंदाला पन्नास वेळा ढकलतात आणि तितक्याच वेळा ओढतात. प्रत्येक वस्तूची कंप पावण्याची स्वतःची एक आवडती वारंवारता असते. बाहेरचा आवाज त्याच वारंवारतेचा आला की छोटे छोटे धक्के साठत जातात आणि वस्तू जोराने थरथरू लागते. याला अनुनाद म्हणतात. खिडकीची सैल काच, पत्र्याचं दार, फडताळातली भांडी बहुतेक वेळा या खालच्या पट्ट्यातच सापडतात. आपला छातीचा पिंजराही त्यातलाच, साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या आसपासचा. डीजेसमोर छातीत जे धडधडतं ते कानाने ऐकलेलं नसतं, अंगाने घेतलेलं असतं.

भिंत आवाज अडवते ती आपल्या वजनाने. झपाट्याने मागेपुढे करायचं म्हटलं तर जड भिंत हलत नाही, म्हणून चढे आवाज बाहेरच राहतात. सावकाश ढकललं तर ती थोडी का होईना, हलते आणि पलीकडची हवा हलवते. वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे सहा डेसिबलने घटते. त्यात सात मीटरची तरंगलांबी घराच्या कोपऱ्याला सहज वळसा घालते. म्हणून लांबच्या डीजेचं गाणं कुठलं ते कळत नाही, नुसतं धप्-धप् येत राहतं. दारं-खिडक्या लावल्या तर गाण्याचा उरलासुरला भाग जातो आणि धप्-धप् आणखी उठून दिसतं.

'डीजेने भिंती पडतात, हृदय बंद पडतं' असंही ऐकू येतं. काच थरथरली म्हणजे भिंत तडकलीच असं नाही. भक्कम बांधकामाला इजा व्हायला याहून बरेच मोठे हादरे लागतात. मात्र जुन्या वाड्यातला आधीच सुटलेला गिलावा किंवा सैल काच यांना एवढं निमित्त पुरतं. हृदयाचंही तसंच. आवाज थेट हृदय थांबवतो असं म्हणता येत नाही. पण अचानक मोठ्या आवाजाने नाडी आणि रक्तदाब वाढतो, झोपमोड होते, आणि आधीच हृदयविकार असलेल्या माणसासाठी हा ताण क्षुल्लक नसतो.

रात्रीच आवाज लांबून का येतो?

'रात्री सगळं शांत असतं म्हणून' हे अर्धंच उत्तर झालं. थंडीत नाशिकचा पारा उतरतो, निफाडचा तर दरवर्षी बातमीत येतो. अशा रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. उबदार हवेत आवाज जरा वेगाने जातो. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. दिवसा याच्या उलट, तापलेल्या जमिनीवरून आवाज वर निघून जातो. हिवाळ्यातल्या रात्री नाशिकरोडच्या गाडीचा भोंगा दूरवर ऐकू येतो आणि गावाबाहेरच्या लॉन्सवरची वरात दोन-दोन किलोमीटरवरच्या वस्तीत शिरते, त्याचं हे कारण. लॉन्स गावाबाहेर नेली म्हणजे प्रश्न सुटला, हा हिशेब थंडीत चुकतो.

कानाच्या आत

आता घराकडून कानाकडे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. तिचाही अनुनाद होतो, ३,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणून त्या पट्ट्यातले आवाज पडद्यापर्यंत जाताना आपसूक मोठे होतात. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं एकाला एक जोडलेली आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब शरीरातलं सर्वांत छोटं हाड, तीनेक मिलिमीटरचं. ही साखळी हवी कशाला? कारण आतल्या कानात द्रव भरलेला आहे आणि हवेतला आवाज द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळाच परत फिरतो. मोठ्या पडद्यावरचा जोर आतल्या कानाच्या छोट्या खिडकीवर आणून ही हाडं दाब वीसेक पट वाढवतात.

पुढे शंखासारखी, अडीच वेटोळ्यांची नळी लागते. तिच्यात लांबीभर एक पातळ पट्टी आणि पट्टीवर सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म केस वाकले की विजेचा संदेश मेंदूकडे जातो. चढे आवाज पट्टीला सुरुवातीलाच हलवतात, जाड आवाज शेवटच्या टोकाला. पट्टीवर लाट कशी धावते हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी शोधून काढलं आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

या केसपेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, आपल्यात नाही. मोठ्या आवाजाने आधी मार खातात त्या ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या, साधारण त्या पट्ट्यातल्या जिथे कानाची नळी आवाज मोठा करून आत सोडते. आणि या वरच्या भागातच आपली व्यंजनं राहतात: स, श, च, त. स्वर खालच्या भागात. म्हणून असा माणूस म्हणतो, 'आवाज येतो हो, पण बोलता काय ते कळत नाही.' भाजीवाल्याने साठ सांगितले की आठ, यातला 'स' गळालेला असतो. समोरच्याने ओरडून काही फायदा होत नाही, कारण ओरडल्यावर स्वर मोठे होतात, 'स' फारसा होत नाही.

'मग ढोल काय सोवळ्यातला?'

नाही. पथकाच्या मधोमध आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. ताशावर काडी पडली की जो कडकडाट उठतो त्यात वरच्या वारंवारता भरपूर असतात, म्हणजे कानाच्या हळव्या पट्ट्यावरच घाव. ताशाशेजारी तासभर उभं राहणं डीजेशेजारी उभं राहण्यापेक्षा कानाला सोपं आहे असं मुळीच नाही. पण चढे आवाज भिंती आणि अंतर यांनी लवकर उतरतात, आणि ढोलाचा प्रत्येक ठोका पडतो व विरतो, तर डीजेचा बेस दम घेत नाही. थोडक्यात, ढोल-ताशाचा त्रास मुख्यतः वाजवणाऱ्याला आणि जवळ नाचणाऱ्याला. डीजेचा त्रास त्यांना आहेच, शिवाय तीन गल्ल्या पलीकडे औषध घेऊन पडलेल्यालाही.

'सवय होते कानाला'

सवय होते असं वाटतं खरं. तासाभराने डीजे तितका मोठा वाटेनासा होतो, घरी आल्यावर कानात कापूस भरल्यासारखं होतं, बारीक शिटी वाजत राहते आणि सकाळपर्यंत सगळं ठीक. ती सवय नसते, थकलेल्या केसपेशी तात्पुरत्या बधिर झालेल्या असतात. सकाळी ऐकू येऊ लागलं म्हणजे सगळं भरून आलं, असं डॉक्टरही बरीच वर्षं मानत. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर प्रयोग केले. मोठ्या आवाजानंतर उंदरांचं ऐकणं पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले निघाले. नेहमीच्या तपासणीत हे दिसत नाही.

कानात एक छोटा स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो रिकिबीला ताणून धरतो. पण त्याला जागं व्हायला सेकंदाचे काही शतांश लागतात. सुतळी बॉम्बचा धमाका तोवर आत जाऊन पोचलेला असतो.

'वर्षातून एकच दिवस तर असतं'

या म्हणण्यात तथ्य आहे. कानाचं नुकसान आवाज गुणिले वेळ अशा हिशेबाने साचतं आणि एका संध्याकाळने बहुतेक जण बहिरे होत नाहीत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी: रोज ८५ डेसिबल-ए असेल तर आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. ११० ला दीड मिनिटही नाही. बाप्पाच्या मिरवणुकीत दीड मिनिटात कोण घरी जातं?

शिवाय एकच दिवस हा फक्त बघ्यांसाठी. पथकातली पोरंपोरी गणपतीच्या आधी महिना-दीड महिना संध्याकाळी सराव करतात. डीजेवाल्याचा तर तो रोजचा धंदा. आणि ज्याच्याबद्दल शांतता समितीत कुणी बोलत नाही तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेस शॉपमधला, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांवरचा कामगार, त्याला सण नाही की सुट्टी नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, तरी कानात प्लग घालून काम करणारे कमीच दिसतात.

कापसाच्या बोळ्याने जेमतेम काही डेसिबल कमी होतात आणि बेस तर तसाच येतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग त्यापेक्षा कितीतरी बरे, पण ते नुसते कानाच्या तोंडाशी खोचून चालत नाहीत. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. खांद्यावर बसवून डीजेसमोर नेलेल्या लहान मुलांना प्लग बसत नाहीत, त्यांच्यासाठी कानावर बसणारे मफ मिळतात. तेही नसतील तर मूल घेऊन शक्य तितकं मागे राहावं.

ढोल वाजवणाऱ्यांनी आणि मशीनवर काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. आलेखात ४,००० हर्ट्झजवळ खाच दिसली तर तिचं कारण बहुधा आवाजच असतं, आणि बोलणं कळेनासं होण्याच्या बरीच आधी ती दिसते. मिरवणुकीनंतर कानातली शिटी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही किंवा एक कान एकदम बंद झाल्यासारखा वाटला, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं, कारण अचानक गेलेल्या ऐकण्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.